तलावपाळीचं स्पेलिंग: डीडीरेस्क्यू, फोटोरेक आणि बीटीसीरिकव्हर, ७ महिन्यांच्या वापरानंतर

ठाण्यातल्या नौपाड्यातली आमची इमारत पुनर्विकासाला गेली आणि माळ्यावरून माझा कॉलेजच्या काळातला सीपीयू खाली उतरला. भंगारवाल्याने तो काट्यावर ठेवलाही होता. मी आतली ३२० जीबीची हार्ड डिस्क तेवढी काढून घेतली. २०१४ च्या सुरुवातीला याच मशीनवर ग्राफिक्स कार्ड तापवून, म्हणजे मायनिंग करून, मी डोजकॉइन (डिजिटल चलन) काढले होते. तेव्हा एक कॉइन काही पैशांना जायचा, आणि वीजबिल आलं की बाबा जे ऐकवायचे ते त्याहून महाग पडायचं. पुढच्या वर्षी विंडोज ७ नव्याने टाकताना मी सी ड्राइव्ह फॉरमॅट केला. त्या कॉइनच्या किल्ल्या ठेवणारी फाइल, वॉलेट.डॅट, त्यातच होती.

पहिली चूक माझीच. बाजारातून साधी यूएसबी-साटा केबल आणली. ती लॅपटॉपच्या अडीच इंची डिस्कला चालते. साडेतीन इंचीला १२ व्होल्ट लागतात, ते यूएसबीतून मिळत नाहीत. डिस्क नुसती कण्हायची. मग वेगळ्या अॅडॉप्टरचा डॉक घेतला. दुसरी चूक होता होता वाचली: विंडोजने डिस्क दिसताक्षणी 'वापरण्याआधी फॉरमॅट करा' असा डबा पुढे केला. रद्द केलं आणि लिनक्सचा पेनड्राइव्ह लावला. जुन्या डिस्कवर एक बाइटही लिहिला जाता कामा नये, एवढं पथ्य पाळलं तरी अर्धी लढाई झाली.

डिस्कची हुबेहूब नक्कल (इमेज) काढणाऱ्या जीएनयू डीडीरेस्क्यूला मी पाचपैकी पाच देईन. ते आधी डिस्कचा धड भाग उचलतं, खराब जागा सोडून पुढे जातं आणि शेवटी त्या जागांवर परत येतं. कुठवर आलो, काय राहिलं, हे सगळं एका मॅपफाइलमध्ये टिपून ठेवतं. दुसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली, डॉक बंद पडला. संध्याकाळी तीच कमांड पुन्हा दिली, तर जिथे थांबलं होतं तिथूनच सुरू. तीन दिवसांत जवळजवळ पूर्ण इमेज हातात आली. त्यानंतर मूळ डिस्कला हात लावलेला नाही. डिस्क टकटक आवाज करत असेल तर मात्र हे करत बसू नका. तिथे डिस्क वाचणारं हेड बदलायची वेळ असते आणि ते घरच्या टेबलावर होत नाही.

मधे एका दुकानातही जाऊन आलो. त्यांनी डिस्कसोबत वॉलेटचा पासवर्डही कागदावर लिहून मागितला. उठून आलो.

विंडोजच्या सेटअपमधलं फॉरमॅट क्विक असतं, म्हणजे फाइलींची यादी जाते, माल जागेवरच राहतो. त्यावर नवं काही लिहिलं गेलं नसेल तर मिळतो. (एसएसडी असती तर पुसलेली जागा खरोखर रिकामी करणाऱ्या ट्रिममुळे ही आशाही सोडावी लागली असती.) फोटोरेक हे पुसलेल्या फाइली शोधणारं सॉफ्टवेअर हा माल फाइलीच्या आतल्या खुणेवरून ओळखतं. जुन्या वॉलेट.डॅट बर्कली डीबी या डेटाबेसच्या स्वरूपात असतात. सुरुवातीपासून १२ बाइट सोडले की ६२ ३१ ०५ ०० हे आकडे येतात. ही खूण फोटोरेकच्या सिग्नेचर फाइलमध्ये स्वतः लिहिता येते. ४० च्या वर फाइली निघाल्या, कारण बर्कली डीबी इतरही सॉफ्टवेअर वापरतात. त्यांत 'एमकी' हा शब्द शोधला. पासवर्ड लावलेल्या वॉलेटमध्ये तो असतोच. दोनच फाइलींत सापडला.

आणि इथे एक गोष्ट, जी मला आधी कोणी सांगितली असती तर बरं झालं असतं: अशा वॉलेटमध्ये प्रायव्हेट की, म्हणजे कॉइनच्या किल्ल्या, कुलपात असतात, पत्ते (खातेक्रमांकासारखे) नसतात. 'डी'ने सुरू होणारे पत्ते उघडे वाचता आले. त्यातला एक ब्लॉक एक्सप्लोररमध्ये, म्हणजे पत्त्यावरची शिल्लक दाखवणाऱ्या साइटवर, टाकला. ३८ हजार आणि काही डोज, २०१४ पासून न हललेले. त्या रात्री कोणाला काही सांगितलं नाही.

आता पासवर्ड, जो मी विसरलो होतो. पुढचे पाच महिने यातच गेले. एवढं नक्की आठवत होतं की त्यात तलावपाळी (ठाण्यातला तळ्याकाठचा परिसर) आहे आणि शेवटी चार आकडे. पण रोमन लिपीत ती कशी लिहिली होती? व साठी व्ही की डब्ल्यू? 'पा' ला एक ए की दोन? शेवटी आय की डबल ई? बीटीसीरिकव्हर याच कामाचं आहे. टोकनलिस्टमध्ये एका ओळीत पर्यायी तुकडे द्यायचे, आकड्यांची जागा दाखवायची, टायपिंगच्या चुकाही धरायला सांगायचं. जोड्या ते लावतं. पण वॉलेटची कुलूपपद्धत मुद्दाम संथ ठेवलेली असते. माझ्या लॅपटॉपवर सेकंदाला जेमतेम ५० प्रयत्न, म्हणजे रात्रभरात १४ लाखांच्या आसपास. ऐकायला मोठा आकडा, प्रत्यक्षात दोन-तीन शंका वाढवल्या की महिना जातो. ऑटोसेव्ह चालू ठेवा, नाहीतर अपडेटसाठी मशीन रीस्टार्ट झालं की पहिल्यापासून. गुण साडेतीन: इन्स्टॉल करताना पायथनने दोन रविवार खाल्ले.

सुटका झाली ती भलत्याच वाटेने. फोटोरेकने वॉलेटबरोबर हजारो फाइली बाहेर काढल्या होत्या, त्यांत माझा २०१३ चा बायोडेटा होता. पत्त्यात मीच लिहिलं होतं, 'तलाव' मध्ये व्ही नाही, डब्ल्यू नाही, शेवटी ए आणि ओ. पाट्यांवर असतं तसं. चार महिने मी यादीत ओ घातलाच नव्हता! नवी यादी लावून झोपलो. सकाळी चहा हातात घेऊन बघतो तर 'पासवर्ड फाउंड'. आधी वाटलं स्क्रिप्ट बंद पडलीय.

इंटरनेट बंद ठेवून की काढल्या, नव्या वॉलेटमध्ये घेतल्या. अर्धे विकले: १ टक्का टीडीएस, नफ्यावर ३० टक्के कर वर सेस, आणि मायनिंगचं वीजबिल खर्चात धरत नाहीत. बाबांना हे सांगितल्यावर ते पुन्हा सुरू झाले.

आईला यातलं काही नको आहे. ती रोज एवढंच विचारते, दादाच्या मुंजीचे फोटो मिळाले का. फोटोरेकमध्ये फाइलींची नावं जातात, १४ हजार फोटो नुसत्या नंबरांवर आहेत. सहा हजारांपर्यंत चाळून झालेत.