रिव्हर्स सेन्सर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

माझ्या गाडीला मागे कॅमेरा नाही आणि सेन्सरही नव्हते. दीड वर्षात मागच्या बंपरवर तीन ओरखडे पडले. तिन्ही आमच्या इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये, गाडी अगदी मुंगीच्या पावलांनी मागे घेत असताना. तिसऱ्या वेळी आई मागच्या सीटवर होती. 'कर्र' असा आवाज आला आणि तिने दचकून माझा खांदा धरला. त्याच आठवड्यात मी रिव्हर्स सेन्सरचं किट बसवून घेतलं, मागे काही जवळ आलं की इशारा देणारं. बंपरसाठी चार गोल सेन्सर, डिकीत एक छोटा कंट्रोल बॉक्स आणि डॅशबोर्डवर अंतराचे आकडे दाखवणारा डिस्प्ले, त्यातच बझर.

वस्तू चांगली आहे, बेलाशक घ्या. फक्त बसवताना तिथून हलू नका.

मी हलले, त्याचा भुर्दंड पडला. पहिल्या दिवसापासून उतारावर गाडी मागे घेताना मागे काहीच नसलं तरी बझर वाजायचा. मी आठवडाभर सेन्सरच वाईट समजत होते. मग माहितीपत्रक नीट वाचलं. सेन्सरमधून निघणारी आवाजाची लहर आडवी पसरते जास्त, उभी कमी, म्हणून तो एका ठरावीक बाजूनेच बसवावा लागतो. त्याच्या पाठीवर वरची बाजू दाखवणारा छोटा बाण असतो. कडेचे दोन सेन्सर काढून पाहिले तर दोन्हींचे बाण आडवे! बिचारे रस्त्याकडेच बघत होते. फिरवून बसवले आणि तो नाहक आवाज थांबला. भोकं जमिनीपासून किती उंचीवर पाडायची हेही पत्रकात दिलेलं असतं, साधारण 50 ते 65 सेंटीमीटर. सेन्सर फिरवता येतो, पण बंपरला पाडलेलं भोक हलवता येत नाही, म्हणून खुणा केल्या की टेपने स्वतः मोजा आणि मगच ड्रिल चालवू द्या.

आतलं काम समजून घेतलं तर त्याच्या चुकाही समजतात. रिव्हर्स गिअर टाकला की मागच्या पांढऱ्या दिव्याच्या वायरमधून किटला वीज मिळते आणि प्रत्येक सेन्सर आवाजाचे छोटे छोटे ठोके सोडू लागतो. हा आवाज साधारण 40 किलोहर्ट्झचा. माणसाला फार तर 20 पर्यंत ऐकू येतं, म्हणून आपल्याला तो कळत नाही. 20 अंश तापमानाला आवाज हवेत सेकंदाला 343 मीटर जातो. म्हणजे एक मीटरवरच्या भिंतीला आपटून तो सहा मिलिसेकंदांच्या आत परत येतो. त्या वेळेवरून अंतर काढलं जातं. मात्र सेन्सरमधली आवाज पाठवणारी आणि ऐकणारी चकती एकच असते. ठोका सोडल्यावर तिची थरथर थांबेपर्यंत तिला काही ऐकू येत नाही, त्यामुळे अगदी जवळून आलेला प्रतिध्वनी हुकतो. माझ्या किटमध्ये 30 सेंटीमीटरच्या आत आकडा येतच नाही, नुसता सलग आवाज. तो लागला की ब्रेक, त्यानंतर एक बोटभरही मागे नाही.

एका सुट्टीच्या दिवशी मी गाडी जागेवर उभी केली, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद ठेवून नुसती किल्ली फिरवली, रिव्हर्स टाकला आणि एकेक वस्तू मागे ठेवत गेले. भाऊ आत बसून आकडे वाचत होता. पुठ्ठ्याचं खोकं आणि बादली दीड मीटरवरूनच दिसली, टेपशी ताडून पाहिलं तर पाच-सात सेंटीमीटरचा फरक. झाडूचा दांडा उभा धरला तर अर्ध्या मीटरपर्यंत चकार शब्द नाही, आणि दोन सेन्सरच्या मधोमध धरला की त्याहूनही उशीर. खुर्चीवर जाड ब्लँकेट टाकलं तसा आकडा अडखळायला लागला, कारण मऊ कापड आवाज पिऊन टाकतं. पत्रा तिरका धरला तर लहर भलतीकडेच गेली. मला धास्ती वाटली ती बुटक्या दगडाची. लांबून तो दिसला, 90 आकडा आला, आणि आणखी जवळ सरकवला तसा आकडाच गायब झाला! दगड लहरीच्या खाली गेला होता. गाडी चालवताना असं झालं असतं तर मी वाट मोकळी झाली असंच समजले असते.

त्या दिवसापासून गाडीत बसण्याआधी मी मागून एक चक्कर मारते. मागे लहान मूल ओणवं बसलेलं असलं, अंगात लोकरीचा स्वेटर असला, तर बझरच्या भरवशावर गाडी मागे घ्यायची माझी छाती होणार नाही.

एक ओरखडा मात्र सेन्सर बसवल्यानंतरचाच आहे, पुढच्या डाव्या फेंडरवर, म्हणजे चाकावरच्या पत्र्यावर. स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे वळवून मागे येत होते. गाडीची शेपटी उजवीकडे जाते तेव्हा नाक डावीकडे फेकलं जातं, हे शिकताना मला सांगितलेलं होतं. पण कान मागच्या टिक-टिककडे लागलेले, डोळे आकड्यावर, आणि डावा कोपरा खांबाला घासला. खांबाचा पिवळा रंग गाडीला लागला. रबिंग कंपाउंडने पिवळा निघाला, खाली दोन रेघा उरल्या. एकीवरून नख सरळ फिरलं, ती वरच्या पारदर्शक लॅकरपुरती होती, पॉलिशने गेली. दुसरीत नख अडकलं. ती खोल गेली आहे, रंगाशिवाय जायची नाही. आता पूर्ण वळणात आधी पुढचे दोन्ही कोपरे, मग आरसे आणि मगच आकडा, असा क्रम मी हट्टाने पाळते. 60 आकडा आला की थांबते आणि पुन्हा सगळीकडे बघते.

देखभाल फारशी नाही. चिखल किंवा पावसाचे थेंब बसले तर खोटे इशारे येतात, ओल्या कापडाने पुसले की झालं. धुताना प्रेशरचा पाइप सेन्सरवर रोखू देत नाही. पाचव्या महिन्यात एक सेन्सर गप्प झाला. कोणता, ते शोधायला मी रिव्हर्स टाकून इंजिन बंद ठेवलं आणि प्रत्येकाजवळ कान नेला. चालू सेन्सर बारीक 'टिक टिक' करतो, बोट ठेवलं तर थरथर लागते. उजवीकडून दुसरा मुका होता. त्याच्या जोडात पाणी शिरलं होतं. सुकवून घट्ट बसवला, तेव्हापासून ठीक आहे.

भोकं पाडायची नसतील तर बंपरच्या आतून चिकटवायची पट्टीही मिळते. ती माझ्या भावाच्या गाडीत आहे. बाहेरून काही दिसत नाही हे खरं, पण गाडी किंवा मागची वस्तू हलत असेल तेव्हाच ती बोलते. थांबलात की अगदी मागच्या भिंतीबद्दलही गप्प. मला माझे गोल सेन्सरच बरे वाटतात.

आठ महिन्यांत मागच्या बंपरवर चौथा ओरखडा नाही. जुने तीन आणि फेंडरची ती रेघ पुढच्या महिन्यात रंगवायला देते आहे. सेन्सर आधी काढून ठेवायचे, त्यांच्यावर रंगाचा जाड थर बसला तर चकती नीट थरथरत नाही, हे रंगवणाऱ्याला सांगून ठेवलं आहे. परत बसवताना बाण वर आहे का, ते मी तिथे उभी राहून बघणार.