विमानप्रवासातील कानदुखी आणि दाब-नियंत्रक इअरप्लग

विमान खाली उतरू लागले की केबिनमधील हवेचा दाब वाढतो, आणि घसा व मध्यकर्ण यांना जोडणारी नलिका वेळेवर उघडली नाही, तर पडदा आत ओढला जाऊन कान ठणकतो. सर्दी असताना तर विचारूच नये. पुणे-दिल्ली प्रवासासाठी घेतलेले सिलिकॉनचे हे इअरप्लग आतील सच्छिद्र फिल्टरमुळे दाबातील बदल पडद्यापर्यंत सावकाश पोहोचवतात, मात्र ती नलिका उघडण्याचे काम गिळण्याने किंवा जांभईनेच होते. म्हणून उतरण्याच्या तासभर आधी ते घालूनही मी लिमलेटची गोळी चघळत राहिलो. ठणका नेहमीपेक्षा बराच सौम्य होता; श्रेय इअरप्लगचे की गोळीचे, हे सांगणे कठीण. पाकिटावरील सूचना मात्र चष्मा लावूनही वाचता येत नाहीत.