आखातात राहून आलेला सल्लागार की जळगावात मुरलेला?

रावेर-यावलचा मुलगा दुबईत कामाला लागला की पैशांचा सल्ला कुणाचा घ्यायचा, हा प्रश्न घरात निघतोच.

परदेशात नोकरी केलेला सल्लागार आधी विचारतो: गावचं बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयाचं, भारतातल्या मिळकतीसाठीचं खातं) करून घेतलं का? बहुतेकांचं राहून गेलेलं असतं. मग तो पैसा वेगळा करतो. पगार एनआरई खात्यात, म्हणजे परदेशातल्या कमाईसाठीच्या अनिवासी खात्यात. व्याज भारतात करमुक्त, रक्कम हवी तेव्हा बाहेर नेता येते. दुकानाचं भाडं एनआरओत. त्या खात्याच्या व्याजावर 30 टक्के टीडीएस (बँक आधीच कापते तो कर), वर सेस म्हणजे उपकर. एनआरई ठेव वर्षाच्या आत मोडली तर व्याज शून्य, म्हणून अडीअडचणीचे पैसे तो ठेवीत अडकवत नाही. नोकरी गेली की व्हिसाही धोक्यात येतो, हे त्याला पक्कं माहीत असतं.

जळगावच्या सल्लागाराला सातबारा, वाटणी, पीककर्ज, केळीचा भाव तोंडपाठ. पण ‘शेत घेऊन ठेवा’ हा त्याचा सल्ला इथे फसतो: अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने आलेली ठेवता येते.

पगार बाहेरचा असेपर्यंत पहिलाच बरा. वाटणीच्या वेळी मात्र दुसऱ्याला विचाराच. सेबीची, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाची, नोंदणी दोघांचीही तपासा.