कँटरव्हिलच्या भुताचा हिरवा डाग

तेहतीस वर्षं मी ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका रंगाच्या कारखान्यात शेड मॅचिंगला होतो. लाल रंग पाहिला की तो कशापासून केला असेल, हेच आधी मनात येतं. म्हणून ऑस्कर वाइल्डच्या ‘लॉर्ड आर्थर सॅव्हिल्स क्राइम अँड अदर स्टोरीज’मधली ‘द कँटरव्हिल घोस्ट’ ही गोष्ट मला इतरांपेक्षा जरा जास्तच लागली असेल. पण कुणी विचारलंच, तर मी सांगेन की या एका गोष्टीसाठी पुस्तक घ्या.

वाइल्ड मूळचा डब्लिनचा, जन्म १८५४ चा. हा संग्रह १८९१ साली निघाला. अमेरिकेचा राजदूत ओटिस इंग्लंडमधला एक जुना वाडा भुतासकट विकत घेतो. आत जमिनीवर १५७५ सालच्या खुनाचा रक्ताचा डाग आहे. घर सांभाळणारी बाई म्हणते, हा जात नाही. थोरला मुलगा खिशातून डाग घालवायची काळी कांडी काढतो, खसाखसा घासतो, फरशी स्वच्छ! दुसऱ्या दिवशी डाग परत हजर. मग रोज हेच. आणि हळूहळू डागाचा रंग बदलायला लागतो. कधी विटकरी, कधी शेंदरी, कधी जांभळा, आणि एका सकाळी चक्क पाचूसारखा हिरवा.

रक्त सुकलं की तपकिरी पडतं, त्यातल्या लोहामुळे. तीनशे वर्षं लाल राहिलेलं रक्त मला पहिल्या पानापासून खटकत होतं. पुढे उलगडा होतो. ओटिसची पंधरा वर्षांची मुलगी व्हर्जिनिया चित्रं काढते, आणि भूत डाग पुन्हा रंगवायला तिच्या पेटीतले रंग चोरतं. आधी सगळे लाल गेले, त्यात हिंगुळाचा लालही, म्हणून तिला सूर्यास्त काढता येईना. मग हिरवा आणि क्रोम पिवळा गेला. शेवटी नीळ आणि पांढरा उरला, म्हणून बिचारी चांदण्या रात्रीच काढत बसली. हे वाचताना मी इतका हसलो की शेजारचे गॅलरीत आले. त्या काळी पाचू-हिरव्यात आर्सेनिक असायचं आणि क्रोम पिवळ्यात शिसं. पोरीच्या पेटीतून भुतानं नेले ते बरंच झालं म्हणायचं.

पण त्या भुताची कामावरची निष्ठा बघा. आठवड्यातून एकदा व्हरांड्यात दिसायचं, महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या बुधवारी मोठ्या खिडकीतून बडबडायचं, हे त्याचं ठरलेलं. समोरचे लोक घाबरत नाहीत, उलट साखळ्या वाजू नयेत म्हणून वंगणाची बाटली देतात. तरी तो पाळी चुकवत नाही. अशी माणसं मी कारखान्यात पाहिली आहेत.

संग्रहाला जिचं नाव दिलंय त्या गोष्टीत एक हस्तसामुद्रिक लॉर्ड आर्थरला सांगतो की तुझ्या हातून खून होणार. तो भला माणूस ठरवतो की मग लग्नाआधीच तो उरकून टाकावा, बायकोला त्रास नको. माझ्या बहिणीचं लग्न मंगळापायी दोन वर्षं अडलं होतं, त्यामुळे आर्थरचा विश्वास मला अजिबात खोटा वाटला नाही. ‘द मॉडेल मिलियनेअर’ गोड आहे, शेवट आधी कळतो तरीही. ‘द स्फिंक्स विदाउट अ सीक्रेट’ मला फिकी वाटली.

माझी प्रत ठाणे स्टेशनबाहेरची, जुनी, ऐंशी रुपयांची. अक्षर फार बारीक, टिपा नाहीत, मधल्या पानांचा गम सुटलेला. इंग्रजी तसं अवघड नाही, पण ‘ओरिएल’ (भिंतीबाहेर आलेली खिडकी) यासारखा शब्द अडतो. त्यासाठी मी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन कोश उघडला. १८९३ सालची ही संस्था, म्हणजे पुस्तकाहून दोनच वर्षांनी धाकटी. तुम्ही नवी, टिपा असलेली प्रत घ्या आणि मोठ्यानं वाचा. वाइल्डचे संवाद कानानंच कळतात.

मी कोपरखैरणेच्या घरी रोज संध्याकाळी हिला मराठीत सांगत सांगत वाचलं. रंगांपाशी ही हसली. मग कळलं की त्या भुतानं बायकोला मारलं होतं, आणि तिच्या भावांनी त्याला उपाशी ठेवून मारलं. ते ऐकून व्हर्जिनिया लगेच म्हणते, तुम्हाला भूक लागलीय का, माझ्याकडे सँडविच आहे. तीनशे वर्षांत हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. हिनं हातातली भाजी बाजूला ठेवली आणि म्हणाली, “अहो, ते जेवायला विचारलं ते परत वाचा.”