पहिले देवघर: तुळशीबागेतील खरेदी आणि १४ महिन्यांचा वापर

सासरचे मूळ देव नारायणगावच्या घरी आहेत आणि त्यांची पूजा थोरले दीर करतात. आम्ही पुण्यात सिंहगड रस्त्यावर दोन खोल्यांचे बिऱ्हाड थाटले, तेव्हा सासूबाईंनी स्पष्ट सांगितले की मूळ देव जागचे हलवायचे नसतात. तुम्ही कुलदैवताचे नवे टाक (चांदीच्या पत्र्यावरील देवाच्या प्रतिमा) करून घ्या, लग्नात माहेरहून आलेली अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण आहेतच, एक गणपती घ्या, एवढ्यावर तुमचे देवघर उभे राहते. त्यांच्या या सांगण्याकडे मी त्या वेळी पुरेसे लक्ष दिले नाही आणि सगळे एकदम, तयार मिळेल ते घेऊन मोकळे होऊ असा विचार केला. तो कसा फसला आणि नंतर तुळशीबागेत जाऊन देवघर कसे मांडले, हे पहिल्यांदाच देवघर करणाऱ्यांच्या उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहीत आहे.

प्रथम आम्ही इंटरनेटवरून एक तयार मंदिर आणि सोबत २१ वस्तूंचा पूजासंच मागवला. छायाचित्रात सागवानी दिसणारे हे मंदिर प्रत्यक्षात एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या, फळ्यांचे होते आणि त्यांवर सागवानी रंगाचा कागद चिकटवलेला होता. रोज देवांना स्नान घालायचे म्हणजे कितीही जपले तरी थोडे पाणी सांडतेच. दोन महिन्यांत तळाची फळी कडेने फुगली आणि कागद सुटून वर आला. छत इतके खाली होते की निरांजनाच्या ज्योतीने वरच्या फळीवर रुपयाएवढा तपकिरी डाग पडला, आणि तो पाहिल्यावर देवापुढे दिवा तेवत ठेवून दुसऱ्या खोलीत जाण्याचे मला धाडस होईना. संचातील निरांजन उथळ होते, त्यामुळे फुलवात बसवून तूप घातले की ते काठावरून ओघळायचे. पळीचा दांडा तिसऱ्याच दिवशी वाकला. संचात एक शंखही होता. पण सासूबाईंनी दिलेला शंख घरात आधीच होता आणि घरच्या पूजेत दोन शंख ठेवू नयेत असा संकेत असल्यामुळे तो पुन्हा कागदात गुंडाळून ठेवावा लागला. विक्रेत्याने मंदिर परत घेतले नाही, कारण परतीची मुदत संपली होती.

त्यानंतर आम्ही तुळशीबाग गाठली. नारो आप्पाजी तुळशीबागवाले यांनी पेशवाईच्या काळात बांधलेल्या राममंदिराच्या आसपास पितळी भांडी, मूर्ती आणि पूजेचे साहित्य विकणारी दुकाने दाटीवाटीने उभी आहेत. त्यांपैकी एका जुन्या दुकानात गेलो. दुकान जेमतेम दहा फूट रुंद आहे, समया छताला टांगलेल्या आहेत आणि दोन गिऱ्हाइके उभी राहिली की तिसऱ्याने बाहेर थांबावे लागते. दुकानदार काका साठीच्या पुढचे आहेत. मी हातातली १९ वस्तूंची यादी त्यांच्यापुढे ठेवली, तेव्हा त्यांनी ती न वाचताच विचारले, "ताई, तुमच्या घरी रोजची पूजा कोण करणार आणि किती वाजता घराबाहेर पडता?" मी म्हटले की पूजा मीच करणार आणि साडेआठला निघते. त्यावर त्यांनी पेन मागून घेतले आणि यादीतल्या नऊ वस्तू खोडल्या. धुपाटणे, अभिषेकपात्र, चवरी, छत्र, पंचारती या सगळ्यांवर रेघ मारून ते म्हणाले, "गौरी-गणपतीला लागेल तेव्हा पंचारती घ्या. रोज घासायला तुम्हालाच लागणार आहे."

उरल्या दहा वस्तू: ताम्हण, पळी, पंचपात्री, निरांजनांची जोडी, एक लहान समई, घंटा, उदबत्तीचे घर, हळदकुंकवाची कुयरी, सहाण-खोड आणि शंखाची कासवाच्या आकाराची अडणी. गंध, फूल, धूप, दीप आणि नैवेद्य या पंचोपचारांना एवढे पुरते, आणि १४ महिन्यांत मला अकराव्या वस्तूची गरज एकदाही पडलेली नाही.

काकांनी प्रत्येक वस्तू ज्या पद्धतीने तपासून दिली, ती पद्धत मला या खरेदीत सर्वांत मोलाची वाटते. निरांजन त्यांनी काचेच्या कपाटावर ठेवून बोटाने एक गिरकी दिली. जे डगमगले ते बाजूला केले आणि तिसरे सरळ उभे राहिले ते दिले. पळीत पाणी भरून माझ्या तळहातावर सोडले, कारण आचमनाच्या पळीतून पाण्याची धार टोकावरून सुटली पाहिजे, पाणी पळीच्या पोटाखालून ओघळत मनगटावर येता कामा नये. घंटा निवडताना मात्र त्यांनी बराच वेळ घेतला. पहिली घंटा वाजवली, तिचा नाद खणकन येऊन लगेच बसला. दुसरीही तशीच निघाली. तिसरी वाजवून त्यांनी ती माझ्या कानाजवळ धरली, आणि बाहेर रस्त्यावर एवढा गलका असूनही तिचा नाद हळूहळू विरत गेलेला मला ऐकू आला. तिच्या मुठीवर गरुड आहे. नक्षी पहिल्या घंटेची अधिक सुबक होती, तरी त्यांनी ती दिली नाही.

गणपती मी सात इंचांचा निवडला होता. घरच्या पूजेतील मूर्ती अंगठ्याच्या पेरापासून वीतभर उंचीपर्यंत असावी असा संकेत आहे, त्यामुळे सात इंच चुकीचे नव्हते. पण काकांनी माझ्या हातात आधी ती मूर्ती आणि मग अडीच इंचांची भरीव मूर्ती दिली आणि यातली कोणती रोज ताम्हणात उचलून ठेवाल, धुवाल आणि पुसाल, एवढेच विचारले. मोठ्या मूर्तीच्या मुकुटात आणि प्रभावळीत इतकी बारीक नक्षी होती की गंध आणि कुंकू त्यात अडकून काळे पडले असते. लहान मूर्ती गुळगुळीत आहे, सोंड आणि हात स्पष्ट आहेत आणि तळ सपाट असल्यामुळे ती ताम्हणात कलत नाही. माझ्या मते नवख्या माणसाने मूर्ती घेताना चेहऱ्याखालोखाल तिचा तळच पाहावा.

ताम्हण मात्र त्यांनी आपल्याकडचे घेऊ दिले नाही. त्यांच्याकडची ताम्हणे यंत्रावर दाबलेल्या पातळ पत्र्याची होती आणि जड हवे असेल तर कसबा पेठेतील तांबट आळीत जा, असे त्यांनीच सुचवले. तांबट आळीत त्वष्टा कासार कारागीर पिढ्यान्‌पिढ्या तांब्याची भांडी घडवतात आणि आळीत शिरण्याआधीच हातोड्यांचा आवाज कानावर येतो. तेथे आम्ही नऊ इंचांचे मठारकाम केलेले ताम्हण घेतले. हातोड्याच्या ओळीने पडलेल्या लहान लहान खुणांवर पाणी पडले की ते चकाकते, आणि ठोकून पत्रा घट्ट झालेला असल्यामुळे ताम्हण भरून उचलले तरी काठ वाकत नाही. ते तुळशीबागेतील ताम्हणाच्या जवळजवळ दुप्पट किमतीला पडले, तरी सगळ्या खरेदीत सर्वांत समाधान देणारी वस्तू तीच आहे. एक खबरदारी मात्र घ्यावी: पंचामृत तांब्याच्या भांड्यात कालवून ठेवू नये. दह्याच्या आंबटपणामुळे ते कळकते. त्यासाठी मी चांदीची लहान वाटी वापरते. स्टीलची वाटीही चालते.

देवघर आम्ही एका सुताराकडून करवून घेतले: सागवानी, १८ इंच रुंद, १२ इंच खोल, आत दोन पायऱ्या आणि खाली वाती, कापूर, उदबत्ती ठेवायला एक खण. पहिल्या मंदिराचा डाग डोळ्यांपुढे असल्यामुळे छत निरांजनाच्या ज्योतीपासून दीड फूट वर ठेवायला सांगितले आणि खालच्या पायरीपुढे आठ इंचांची मोकळी फळी ठेवून घेतली, जिच्यावर ताम्हण बसते. या फळीला बाहेरच्या बाजूने बारीक काठ आहे, त्यामुळे सांडलेले पाणी जमिनीवर येत नाही. ईशान्येचा कोपरा आमच्या घरात स्नानगृहाच्या भिंतीला लागतो, म्हणून देवघर स्वयंपाकघरात पूर्वेच्या भिंतीला लावले आहे, आणि पूजा करताना माझे तोंड पूर्वेकडे येते. दिवे लावताना तुपाचे निरांजन देवांच्या उजव्या हाताला आणि तेलाची समई डाव्या हाताला ठेवते. सुताराच्या कामात एकच उणीव राहिली: खणाची मूठ लाकडी न लावता त्याने पितळी लावली, आणि ती दर आठवड्याला घासण्याच्या वस्तूंत वाढली.

टाकांविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण नव्याने बिऱ्हाड करणाऱ्या मुलामुलींना हेच सर्वांत कमी ठाऊक असते. आमचे कुलदैवत जेजुरीचा खंडोबा आणि कुलदेवी तुळजाभवानी. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर ठशाने उठवलेली देवाची प्रतिमा. आमच्या टाकावर घोड्यावर बसलेला खंडोबा, मागे म्हाळसा आणि घोड्याच्या पायाशी कुत्रा आहे. तयार टाक कुठेही मिळतात. पण सोनाराकडे जाऊन ठसे पाहूनच टाक घ्यावेत, असे मी आग्रहाने सांगेन. काही ठसे इतके झिजलेले असतात की नव्या टाकावरही म्हाळसेचा चेहरा उमटत नाही. नारायणगावचे जुने टाक तर वर्षानुवर्षे राखेने घासून इतके गुळगुळीत झाले आहेत की घोडा कोठे संपतो आणि देव कोठे सुरू होतो, हे बोट फिरवूनच कळते. सासूबाईंना ते बोटांनीच ओळखता येतात. आमचे नवे टाक घेऊन आम्ही जेजुरीला गेलो, कऱ्हेच्या पाण्याने त्यांना स्नान घातले, गडावर देवाच्या भेटीला नेले आणि भंडारा लावूनच घरी आणले. त्या दिवसापासून मी त्यांना कोणतीही पूड लावलेली नाही; रिठ्याच्या पाण्यात बुडवून मऊ सुती कापडाने पुसते आणि उठाव अजून जसाच्या तसा आहे.

आता तुळशीबागेतील दुकानाविषयीच्या माझ्या तक्रारी. समईवर चमक टिकावी म्हणून लॅकरचा पारदर्शक थर दिलेला होता आणि ते मला विकताना सांगितले गेले नाही. पहिल्या महिन्यात समई सुरेख दिसली. पण चिंच आणि पितांबरीने घासू लागले तसा थर ठिकठिकाणी सुटला आणि समईवर पांढुरके चट्टे उठले. समई परत नेली, तेव्हा काकांनी वाद घातला नाही. लॅकर नसलेली दुसरी समई दिली आणि ती थोडी जड असल्यामुळे वजनातला फरक म्हणून ८० रुपये घेतले, जे मला रास्त वाटले. नवी समई नऊ इंचांची, बैठकीला रुंद आहे आणि पाचही वाती लावल्या तरी तेल बाहेर पाझरत नाही. दुसरी तक्रार अशी की पावती मागितल्याशिवाय मिळाली नाही, आणि मिळाली तिच्यावर एकूण वजन लिहिले होते, प्रत्येक वस्तूचे नव्हते. पितळ वजनावर विकले जाते, त्यामुळे प्रत्येक नगाचे वजन समोर करून घेऊन लिहून मागावे. आपण मागितले तर ते देतात.

उदबत्तीचे घर मला फारसे आवडले नाही. त्याची भोके आजच्या जाड उदबत्त्यांना लहान पडतात.

रोजच्या पूजेला मला साधारण २० मिनिटे लागतात आणि मंगळवारी, शुक्रवारी थोडी अधिक. गणपती, बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि दोन टाक असे पाच देव दोन पायऱ्यांवर मोकळेपणाने बसतात. प्रत्येकाला उचलता येते, पुसता येते, फूल वाहता येते आणि एकाला हात लावताना दुसरा कलंडत नाही. पूर्वीच्या मंदिरात तीनच देव होते, तरीही दाटी वाटत असे. सर्व मिळून खर्च किती झाला असे अनेकांनी विचारले. देवघर, भांडी आणि गणपती मिळून तो सुमारे १४ हजार रुपये झाला. त्यात देवघराचेच साडेनऊ हजार आहेत. टाकांची चांदी यात धरलेली नाही. एवढा खर्च एकदम शक्य नसेल, तर स्वच्छ पाटावर लाल वस्त्र घालून त्यावर देव मांडावेत आणि देवघर मागाहून करावे. आम्हीही सुताराचे काम पूर्ण होईपर्यंत सहा आठवडे तसेच केले होते आणि पूजेत काही कमी पडले नाही.

तुळशीबागेत जाणाऱ्यांनी शनिवार-रविवारची संध्याकाळ टाळावी. सकाळी दुकाने उघडतात त्या सुमाराला गेल्यास दुकानदाराला वस्तू तपासून द्यायला वेळ असतो. देवघराची मापे कागदावर लिहून न्यावीत आणि घरात आधीच असलेली अन्नपूर्णा किंवा बाळकृष्ण रुमालात गुंडाळून सोबत न्यावा, म्हणजे नवी मूर्ती त्यांच्याशेजारी ठेवून उंची जुळते का ते पाहता येते. मी तसे केले नव्हते आणि त्यामुळे गणपती बाळकृष्णापेक्षा अर्धा इंच उंच निघाला. आता बाळकृष्णाखाली लहान पितळी आसन ठेवले आहे. येत्या गौरी-गणपतीला नारायणगावहून सगळे आमच्याकडे येणार आहेत, तेव्हा खोडलेल्या यादीतली पंचारती घ्यायची आहे. ती त्याच दुकानातून घेईन, फक्त लॅकर नसलेली आहे ना, हे आधी विचारून.