शालेय खरेदीसाठी अप्पा बळवंत चौक

पुण्यात शाळेच्या खरेदीसाठी अप्पा बळवंत चौकाला आजही तोड नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि त्याचे कारण केवळ स्वस्ताई नसून येथे प्रत्येक वस्तू सुटी मागता येते, हे आहे. अनेक खासगी शाळा पुस्तके, वह्या, कव्हरे आणि स्टिकर यांचा एकगठ्ठा संच पालकांच्या हाती देतात, ज्यातून मोठ्या भावंडाची पुस्तके किंवा घरात उरलेल्या कोऱ्या वह्या वजा करण्याची सोय नसते. चौकात मात्र यादी काउंटरवर ठेवली की विक्रेता एकेका ओळीवर खूण करीत माल काढतो आणि नको म्हटलेली वस्तू मुकाट्याने बाजूला ठेवतो. घरखर्चाला खरा आळा तिथेच बसतो.

वह्या डझनाने घ्याव्यात, पण त्याआधी एका पानावर शाईच्या पेनाने दोन ओळी लिहून पाहाव्यात. शाई मागे उमटली, तर त्या वहीचा निम्मा कागद वायाच जातो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्यांवरील १२ टक्के जीएसटी शून्यावर आला आहे. तरीही भाव तेवढाच उतरेल असे धरून चालू नये, कारण करमुक्त मालाच्या उत्पादकाला पुठ्ठा, शाई इत्यादींवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. छापील किंमत मात्र अवश्य पडताळावी.

जुनी पुस्तके ही या परिसराची मोठी जमेची बाजू. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना त्यांचा विशेष उपयोग होतो. लहान वर्गांसाठी आवृत्ती पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत, कारण राज्य मंडळाच्या पहिलीचा अभ्यासक्रम २०२५-२६ पासून बदलला असून पुढील इयत्तांचे बदल टप्प्याटप्प्याने होत आहेत.

दप्तर मात्र मी येथून घेण्याचा सल्ला देणार नाही. दप्तरे उंचावर टांगलेली असतात आणि गर्दीत ती मुलाच्या पाठीवर चढवून पट्टे जुळवून पाहायला जागाच मिळत नाही. भरलेल्या दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा अधिक नसावे, असे २०२० चे केंद्रीय धोरण सांगते. त्यामुळे कार्टूनच्या चित्रासाठी जास्त पैसे मोजण्यापेक्षा रिकामे दप्तर किती हलके आहे, हे निवांत दुकानात तपासणे इष्ट.

वाहन नेणे टाळावे. मंडईच्या मेट्रो स्थानकावरून चालत येता येते, आणि शाळा सुरू होण्यापूर्वीच्या आठवड्यात तर सकाळी दुकाने उघडतानाच पोहोचलेले बरे.