शाळेच्या लॅबमध्ये शॉर्टकट बंद करायचेत? कोणता मार्ग कुठे वापरावा

जूनमध्ये लॅब लावायला घेतली की मुख्याध्यापकांची सूचना ठरलेली असते : "सर, ते शॉर्टकट सगळे बंद करून टाका." तक्रार खरीच असते. कुणीतरी शेजारच्याच्या कीबोर्डवर ऑल्ट+एफ४ दाबून त्याची चालू फाइल घालवलेली असते, कुणी कंट्रोल+ऑल्ट+खालचा बाण दाबून अख्खा पडदा उलटा केलेला असतो. पण सगळे शॉर्टकट एका झटक्यात बंद करणारी सोय विंडोजमध्ये नाही, आणि असती तरी ती वापरू नये असं माझं ठाम मत आहे. ऑल्ट+टॅब, कंट्रोल+झेड, कंट्रोल+एस हे मुलांनी शिकायचं ठिकाण म्हणजे हीच लॅब. अनेक मुलांच्या घरी कॉम्प्युटर नसतो. इथे नाही शिकली तर कुठे शिकणार?

म्हणून आधी ठरवा, मशीन कशासाठी आहे : रोजच्या तासासाठी, परीक्षेसाठी, की ग्रंथालयात कुणीही येऊन वापरायच्या टर्मिनलसाठी. मग विंडोजची आवृत्ती बघा. होम, प्रो आणि एज्युकेशन यांत इथे फार फरक पडतो.

की बंद करायची, की तिच्यामागचं काम?

टास्क मॅनेजरचं उदाहरण घ्या. तो कंट्रोल+शिफ्ट+एस्केपने उघडतो, कंट्रोल+ऑल्ट+डिलीटच्या पडद्यावरून उघडतो आणि टास्कबारवर राइट क्लिक करूनही उघडतो. पहिला शॉर्टकट अडवलात तरी दोन वाटा उरल्या. उलट ग्रुप पॉलिसीमधून, म्हणजे खात्यांवर निर्बंध लावायच्या विंडोजच्याच सोयीतून, टास्क मॅनेजरच काढून टाकला, तर कुठूनही गेलं तरी तो उघडत नाही. विंडोज+आरचंही तसंच : रन मेनू काढायची पॉलिसी लावली की शॉर्टकट आपोआप निकामी होतो. कमांड प्रॉम्प्टला वेगळी पॉलिसी आहे, ती सोबत लावा.

त्यात कंट्रोल+ऑल्ट+डिलीटची अडचण वेगळीच. लॉगिनचा खोटा पडदा दाखवून कुणी पासवर्ड चोरू नये म्हणून विंडोज एनटीपासून हे तीन-कींचं काम थेट सिस्टिमकडे दिलेलं आहे. कुठल्याही साध्या प्रोग्रामला ते अडवता येत नाही. "आमचं सॉफ्टवेअर सगळ्या कीज ब्लॉक करतं" असं सांगणाऱ्या विक्रेत्यासमोर आधी ही तीन बटणं दाबून बघा.

ग्रुप पॉलिसी : रोजच्या तासासाठी माझी पहिली पसंती

मुलांना अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं खातं कधीच द्यायचं नाही, साधं स्टँडर्ड खातं द्यायचं. निम्मं काम तिथेच होतं. बाकीचं पॉलिसीने : 'टर्न ऑफ विंडोज की हॉटकीज', टास्क मॅनेजर, रन, कंट्रोल पॅनेल. पैसे लागत नाहीत, पण प्रो किंवा त्यावरची आवृत्ती हवी. होममध्ये ग्रुप पॉलिसी एडिटर येत नाही. त्यातल्या बऱ्याच नोंदी रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात) हाताने कराव्या लागतात, आणि वीस मशीनवर ते करणं जिकिरीचं आहे.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. एडिटर सरळ उघडून 'यूजर कॉन्फिगरेशन'मध्ये बदल केले तर ते शिक्षकाच्या अ‍ॅडमिन खात्यालाही लागतात. त्याऐवजी रनमध्ये 'एमएमसी' टाइप करा, ग्रुप पॉलिसी ऑब्जेक्ट एडिटरचा स्नॅप-इन जोडताना 'ब्राउज'वर जा, 'यूजर्स' टॅबमधून 'नॉन-अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स' निवडा. मग सगळे निर्बंध फक्त मुलांच्या खात्याला लागतात.

एका सीपीयूवर चार-पाच पडदे चालणाऱ्या लॅब आपल्याकडे अजून आहेत. तिथे एका मुलाने शटडाऊन केलं की अख्खी रांग बंद पडते. अशा ठिकाणी लोकल सिक्युरिटी पॉलिसीत 'शट डाऊन द सिस्टिम' या अधिकारातून 'यूजर्स' हा गट काढा. ऑल्ट+एफ४ अडवण्यापेक्षा हे कितीतरी भक्कम. आणि स्वस्त कीबोर्डवर बाणांच्या वर पॉवर-स्लीपची बटणं असतात, त्यांच्यासाठी पॉवर ऑप्शन्समध्ये 'काहीच करू नको' असा पर्याय आहे.

ब्राउझर मात्र विसरू नका, मुलांचा निम्मा तास त्यातच जातो. क्रोम आणि एज दोन्हींना स्वतःच्या पॉलिसी आहेत : कंट्रोल+शिफ्ट+एनची इनकॉग्निटो खिडकी, एफ१२ची डेव्हलपर टूल्स आणि कंट्रोल+ओने उघडणारी फाइल निवडायची चौकट, तिन्ही बंद करता येतात. फाइलची चौकट बंद केली तर गृहपाठ अपलोड होणार नाही, एवढं बघून ठरवा.

कीबोर्ड फिल्टर : सर्वांत ताकदवान, पण सर्वांना मिळत नाही

ठरवलेल्या कीज अडवणारी मायक्रोसॉफ्टचीच ही सोय एंटरप्राइज आणि एज्युकेशन आवृत्तीत येते, होम-प्रोमध्ये नाही. शाळेकडे एज्युकेशनचं व्हॉल्यूम लायसन्स असेल तर विंडोज फीचर्समधल्या 'डिव्हाइस लॉकडाऊन'खाली ती चालू करायची. कंट्रोल+ऑल्ट+डिलीटसुद्धा ही अडवते. पडद्यावरच्या कीबोर्डलाही तोच नियम लागतो आणि अ‍ॅडमिन खात्याला सूट देता येते.

मराठी शाळेसाठी तिचा आणखी एक गुण मोठा आहे. इंग्रजीवरून इन्स्क्रिप्टवर गेलं आणि अक्षरांच्या जागा बदलल्या, तरी फिल्टर नवा लेआउट ओळखतो आणि बरोबर तीच की अडवतो. तोटा असा की मांडणी सगळी पॉवरशेलने, म्हणजे कमांड लिहून करावी लागते. शिवाय डावी विंडोज की पाच वेळा दाबली की साइन-इनचा पडदा येतो, ही मूळची ठेवलेली वाट आहे. ती दुसऱ्या कीवर न्या. एका मुलाला कळलं की मधल्या सुट्टीपर्यंत वर्गाला कळतं.

किऑस्क आणि परीक्षेचा ब्राउझर

असाइन्ड अ‍ॅक्सेस, म्हणजे विंडोजचा किऑस्क मोड, प्रोमध्येही चालतो. एक खातं, एक अ‍ॅप, बाकी काही नाही. ग्रंथालयाचा कॅटलॉग किंवा दीक्षा पोर्टल दाखवणाऱ्या टर्मिनलला हाच योग्य. कंट्रोल+ऑल्ट+डिलीटने साइन-इन पडद्यावर परत येता येतं, त्यामुळे बाकी खात्यांना पासवर्ड हवेतच. वर्गाच्या तासाला मात्र एकच अ‍ॅप पुरत नाही. अनेक अ‍ॅपचा प्रकार आहे, पण त्याची मांडणी एक्सएमएल फाइलमधून करावी लागते.

परीक्षेसाठी सेफ एक्झाम ब्राउझर घ्या. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठात तो तयार झाला, तो मोफत आहे आणि मूडल या ऑनलाइन शिक्षणाच्या प्रणालीतल्या प्रश्नमंजूषेशी थेट जोडता येतो. परीक्षा चालू असेपर्यंतच तो ऑल्ट+टॅब वगैरे अडवतो, कंट्रोल+ऑल्ट+डिलीटच्या पडद्यावरचे पर्याय तेवढ्यापुरते काढतो आणि बाहेर पडायला पासवर्ड मागतो. पेपर संपला की मशीन पूर्ववत. गुगल फॉर्म वापरणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं की फॉर्मचा स्वतःचा लॉक्ड मोड फक्त शाळेने व्यवस्थापित केलेल्या क्रोमबुकवर चालतो, विंडोजवर नाही.

जे मी टाळेन

ऑटोहॉटकी या कीज अडवू-बदलू शकणाऱ्या प्रोग्रामची स्क्रिप्ट लिहायला सोपी, पण ती त्याच मुलाच्या खात्यात चालणारा प्रोग्राम आहे. टास्क मॅनेजर उघडा असेल तर दोन क्लिकमध्ये बंद होते. रजिस्ट्रीतला स्कॅनकोड मॅप कीच मारून टाकतो, तीही मशीनवरच्या प्रत्येकासाठी, शिक्षकासकट. आणि विंडोज की अशी मेली की विंडोज+स्पेसही गेलं, म्हणजे मराठी-इंग्रजी बदलण्याची मुलांच्या हातात बसलेली सवय गेली. डावा ऑल्ट+शिफ्ट उरतो, पण तो चालू आहे का हे आधी तपासावं लागतं.

जुन्या मशीनचं काय?

विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि बरीच जुनी मशीन ११च्या अटींत बसत नाहीत. तिथे लिनक्सचा विचार मनापासून करा. केरळच्या सरकारी शाळा काइट संस्थेच्या उबुंटूवर आधारित प्रणालीवर चालतात. उबुंटूच्या ग्नोम डेस्कटॉपवर डीकॉन्फ या सेटिंग्जच्या साठ्याला कुलपं लावून ऑल्ट+एफ२, लॉगआउट, खातं बदलणं हे सगळं विद्यार्थ्याला उघडता येणार नाही असं बंद करता येतं. कंट्रोल+ऑल्ट+एफ३ने काळा टेक्स्ट पडदा येतो आणि मुलं घाबरतात, तेवढं वेगळं बघावं लागतं. इन्स्क्रिप्ट मराठी त्यात असतेच.

पैसे खर्चायची तयारी असेल तर डीप फ्रीझसारखा उलट मार्गही आहे : काहीच अडवायचं नाही, रीस्टार्ट केलं की मशीन जसंच्या तसं. मुलांना मोकळेपणा देणारा हा पर्याय मला आवडतो, फक्त त्यांचं काम ठेवायला वेगळी जागा ठरवून द्या.

ज्यांच्यासाठी कीबोर्ड हाच सगळा कॉम्प्युटर आहे

अंध विद्यार्थी एनव्हीडीए या पडदा वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामवर काम करतो तेव्हा माउस त्याच्या उपयोगाचा नसतो. कंट्रोल+ऑल्ट+एनने तो वाचक सुरू करतो, ऑल्ट+टॅबने खिडकी बदलतो, विंडोज कीने स्टार्ट मेनू शोधतो. हे बंद केलं तर त्याच्यासाठी मशीनच बंद केलं. शिफ्ट पाच वेळा दाबून येणारी स्टिकी कीजची चौकट लॅबमध्ये कटकट वाटते, कारण तिथून सेटिंग्जमध्ये घुसता येतं. पण एका हाताने टाइप करणाऱ्या मुलाला तीच लागते. म्हणून सेटिंग्ज पॉलिसीने बंद करा, स्टिकी कीज राहू द्या, आणि अशा विद्यार्थ्यांचं खातं निर्बंधांतून वेगळं ठेवा. स्थानिक पॉलिसी एकेका खात्यालाही लावता येते, त्यामुळे यात अडचण नाही.

आणि तो उलटा पडदा? तो विंडोजचा शॉर्टकटच नाही. जुन्या इंटेल ग्राफिक्स ड्रायव्हरची ती हॉटकी आहे, म्हणून ग्रुप पॉलिसी तिला हात लावत नाही. इंटेलच्या ग्राफिक्स कंट्रोल पॅनेलमध्ये हॉटकीजचा पर्याय 'डिसेबल' करा. सगळं झालं की विद्यार्थ्याच्या खात्याने बसून ऑल्ट+एफ४, कंट्रोल+शिफ्ट+एस्केप, विंडोज+आर, शिफ्ट पाच वेळा, आणि मशीन चालू होताना एफ२ आणि एफ१२ दाबून बघा. शेवटच्या दोन कीज बऱ्याच मशीनवर बायोस (मशीनची मूळ सेटिंग्ज) आणि बूट मेनूच्या असतात. तिथे पासवर्ड नसेल तर पेन ड्राइव्हवरून दुसरी सिस्टिम चालवता येते आणि वरची एकही पॉलिसी तिथे लागू होत नाही.